हवालदारासाठी एक खून

आमच्या आण्णांना आयुष्यात एक तरी खून हवा होता. करायला नव्हे, तपासाला. संस्थानच्या पोलिसात शिपाई म्हणून लागले, संस्थान विलीन झाल्यावर जिल्हा पोलिसात आले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी भोर-वेल्ह्याच्या डोंगरात गेली. आणि इथली माणसं भांडतील, शिव्या देतील, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील, पण मुडदा पाडायला म्हणून कुणी तयार होत नसे. आण्णांच्या वाट्याला आल्या त्या शेळ्यांच्या चोऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, हातभट्ट्या, आणि एकदा देवळातली घंटा. ती तर चोरीला गेलीच नव्हती. पुजाऱ्याने चिंचेने घासायला म्हणून घरी नेली होती.

एकच खून त्यांच्या हद्दीत झाला, सारोळ्याच्या बाजूला. आण्णा धोतर नेसून घरी निवांत बसले होते. पाच मिनिटांत गणवेश चढवून, पट्टा आवळून निघाले. पण तोवर मोठे साहेब जीपने येऊन पोचले होते. आण्णांना काम मिळालं बघ्यांना मागे सारायचं आणि साहेबांना चहा सांगायचा. पुढे खुनी सापडला तेही त्यांना वर्तमानपत्रातूनच कळलं. ही हकिकत ते सांगायचे तेव्हा चहाची चवसुद्धा सांगायचे, "लई गोड केलावता भाड्यानं," असं. आम्ही हसायचो, तेही हसायचे.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं हसणं आटलं. भोरला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसत, अंगात पांढरा सदरा आणि खाली तीच खाकी विजार. शेजारी सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर राहत. आम्ही त्यांना कंपाउंडरकाका म्हणायचो. मनाने सोन्यासारखा माणूस, पण जीभ तिखट. रोज सकाळी ते विचारायचे, "काय हवालदार, सापडली का कोंबडी?" पूर्वी आण्णा तसंच खमंग उत्तर द्यायचे. आता नुसती मान हलवायचे. बाजारात जायचे बंद झाले. आई म्हणायची, "मीठ घालायचं इसरले तरी बोलत न्हाईत. मान्साला असं बघवत न्हाई."

मी त्या वेळी वेल्ह्याच्या शाळेत मास्तरीण होते. धाकटा भाऊ पुण्यात कारखान्यात लागला होता. दर शनिवारी शाळा सुटली की मी एसटीने निघायची, नसरापूरला गाडी बदलायची आणि अंधार पडायच्या आत भोर गाठायची. आण्णांचा तो पडलेला चेहरा बघितला की माझा जीव कळवळायचा आणि थोडा रागही यायचा. साप नाही, विंचू नाही, पेन्शन येतंय, बायको धडधाकट आहे, तरी हे असं तोंड करून बसणं! पण रागावून माणूस हसत नाही, एवढं मास्तरकीनं मला शिकवलं होतं.

आता घरातला एक काटा सांगते, कारण तो पुढे लागणार आहे. आई-आण्णांचा संसार तसा गोडीचा. फक्त वर्षातून एकदा, माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या तिथीला, कावळ्यासाठी पान मांडताना आण्णा हटकून म्हणायचे, "माझा बाप गेला त्या दिशी ह्या घरात चूल पेटली व्हती."  आई कळशी उचलून पाण्याला जायची. आबा गेले तेव्हा आम्ही हिर्डोशीच्या बाजूला चौकीमागच्या खोलीत राहत होतो आणि मी चार वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की बाहेर धो धो पाऊस होता आणि आईने मला गरम पेज भरवली होती. मोठेपणी मी एकदा आईला विचारलं, तर "जाऊ दे, जुनं झालं," म्हणाली. मीही जाऊ दिलं.

तर खेळाची गोष्ट. वेल्ह्याच्या पावसात वर्गातली मुलं निम्मी यायची. उरलेल्यांचे कपडे ओले, पाट्या ओल्या, आणि दारात उभं राहिलं तर समोरचा अख्खा तोरणा धुक्यात गायब. मग मी धडा शिकवायचा सोडून खेळ मांडायची. तू किल्लेदार, तू हेर, तू तेलीण. मी गोष्ट सांगायची आणि मध्येच थांबून विचारायचं, "बोल, आता तू काय करशील?" मुलं भन्नाट काहीतरी करायची. दोरावरून उतरायचं असेल तर उतरता आलं की पडला, ते कवड्या टाकून ठरवायचं. सहा कवड्या टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं, नाहीतर आपटला. एका मुलीने किल्लेदाराला खेळाच्या मध्यावरच मारून टाकलं आणि मला विचारलं, "बाई, ह्यो मेला कशानं?"

हे मी शनिवारी जेवताना हसत हसत सांगितलं. आण्णांचा घास हातातच राहिला. "प्रेत पयलं कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

किती तरी दिवसांनी त्यांनी आपणहून काहीतरी विचारलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. त्याच क्षणी मी ठरवलं की आण्णांना खून करून द्यायचा. चांगला भरभक्कम, कुठे खोट नाही असा.

खून करणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्यांदा मी भोरमध्येच करायला निघाले होते, तर आण्णांनी हात जोडले. "हितं कुणाला मारू नगंस. समदी वळखीची हायती." मग मी राज्यच वेगळं केलं. त्यात राजाला एक नाव दिलं, तर त्या नावाचा एक किराणावाला आमच्याच आळीत निघाला. तेव्हा नावंही काढून टाकली. राजा, राणी, प्रधान, कोतवाल, एवढंच. नाव नाही म्हणजे कुणाला राग नाही.

ते राज्य मी वेल्ह्याच्या खोलीत बसून रचलं. कंदिलाची काच पुसायची, सुपात तांदूळ घ्यायचे आणि निवडता निवडता राज्य वाढवायचं. त्यात धुक्याबरोबर जागा बदलणारा एक किल्ला होता. ती कल्पना मला तोरण्याने फुकटात दिली. विहिरीत राहणारा एक यक्ष होता. तो खरंच बोलायचा, पण एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. निळी मुळी नावाची एक वनस्पती होती, जी पोटात गेली की माणूस झोपेतच संपतो, आणि ती उगवते फक्त त्या फिरत्या किल्ल्यावर. किल्ला कुणाचा? राजाच्या मेव्हण्याचा, म्हणजे राजाच्या बहिणीच्या नवऱ्याचा. खुनी तोच. राजाला मूलबाळ नाही, तेव्हा राजा गेला की गादी आपल्याला, असा त्याचा हिशेब. त्याने मुळ्यांची टोपली भेट म्हणून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पाठवली आणि बिचाऱ्या स्वयंपाक्याने भाजी समजून शिजवली.

शाळेतल्या मुलांनी मला एक गोष्ट शिकवली होती. तुम्ही लपवलेली खूण खेळणाऱ्याला दिसतेच असं नाही, म्हणून प्रत्येक गुपिताकडे जायला दोन-तीन वाटा ठेवाव्यात. मी तशा ठेवल्या. राजाच्या ओठांवर निळसर डाग ठेवला, यक्षाला उत्तर पढवून ठेवलं. आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे मुदपाकखान्याच्या कोपऱ्यातली ती टोपली. कोतवालाने नुसतं आत शिरायचं, स्वयंपाकी काम करत असणार, त्याला टोपली कुठून आली विचारायचं, की काम फत्ते. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर खेळ बसला. आण्णा अर्थातच कोतवाल. कंपाउंडरकाका राजवैद्य झाले, कारण दुसरं काही व्हायला ते तयारच नव्हते. आईला म्हटलं, तू राणी हो. ती म्हणाली, "मला आपला सयपाक्याचा पार्ट द्या. तेवढंच येतं मला." आणि घेवड्याच्या शेंगा सोलायला घेऊन भिंतीला टेकून बसली. बाकीची सगळी माणसं, पशुपक्षी आणि यक्ष माझ्याकडे.

पहिला रविवार पंचनाम्यातच गेला. मला वाटलं होतं कोतवाल प्रेत बघतील आणि पुढे जातील. आण्णांनी खोलीची मापं घेतली. खिडकी किती हात उंच, दाराला आतून कडी की बाहेरून, पलंगाखाली काय, सगळं विचारलं. मी तोंडाला येईल ते ठोकत होते आणि ते बोटांवर ध्यानात ठेवत होते. "मघा तू खिडकी पूर्वंला म्हनलीस. आता उजेड पश्चिमेचा कसा आला?" मी घाम पुसला. राजवैद्यांनी मेलेल्या राजाला एक डोस द्यायची परवानगी मागितली, ती कोतवालांनी नाकारली. "पुरावा नासंल," म्हणाले. त्या दिवशी आण्णांनी दोन वेळा चहा मागून घेतला, आणि दुसऱ्यांदा साखर कमी म्हणून तक्रारही केली. आई आतल्या आत इतकी खूश झाली की तिने तिसराही दिला.

पुढच्या रविवारी यक्षाची विहीर झाली. मी आवाज घोगरा करून म्हटलं, "विचार मानवा, एकच प्रश्न." कोणीही शहाणा माणूस विचारील, खुनी कोण. आण्णांनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव, वय आन राह्यचं ठिकान?" तो एक प्रश्न तिथेच खर्ची पडला. काकांनी कपाळाला हात लावला. आण्णा शांतपणे म्हणाले, "ह्याच्या जबाबाचा काय उपेग? ह्यो कोर्टात उभा ऱ्हानार हाय का?" माझी यक्षाची वाट अशी बंद झाली. ओठांच्या निळ्या डागाची आधीच झाली होती, कारण राजवैद्यांनी तो डाग जांभळं खाल्ल्याचा म्हणून जाहीर केला होता.

पण एक सांगते, मला काही वाईट वाटत नव्हतं. आठवडाभर आण्णा ओट्यावर बसून राज्याचा विचार करत. मंडईत जाऊ लागले. काकांनी कोंबडीचं विचारलं तर म्हणायचे, "गप बसा वैद्य, तुमच्यावर बी नजर हाय माझी." मला वेल्ह्याला निरोप यायचा, की प्रधानाला पायताण कोणत्या मापाचं लागतं ते कळव.

मग मुदपाकखान्याचा रविवार आला. मी टोपलीपाशी त्यांना कधी एकदा नेते असं मला झालं होतं. मी सांगायला लागले, "राजा जाऊन एक दिवस झालाय. कोतवाल मुदपाकखान्यात शिरतात. चूल धडधडतेय, स्वयंपाकी पेज ढवळतोय. कोपऱ्यात एक टोपली–"

"थांब," आण्णा म्हणाले. "काय ढवळतुय?"

"पेज."

"चुलीवर?"

"मग काय डोक्यावर?"

"राजा कवा मेला?"

"काल."

"राख सावडली?"

"नाही अजून."

आण्णांनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. सावकाश ताठ बसले. "मयताच्या घरात राख सावडायच्या आधी चूल पेटलीया. राजवाडा असला म्हणून काय झालं? ज्याला राजाचं दुःख न्हाई त्योच असं करंल. खुनी घावला. बांधा त्या सयपाक्याला."

मी थिजलेच. राजवाडा म्हटल्यावर तिथली चूल बारा महिने पेटलेलीच असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. राजवाड्यालाही सुतक असतं, हे मी राज्य रचणारी बाई साफ विसरले होते. "आण्णा, टोपली तर बघा," मी म्हटलं.

"टोपलीचं ऱ्हाऊ दे."

"फाशी!" कंपाउंडरकाका आनंदाने ओरडले. आईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या. आण्णांचा चेहरा असा उजळला होता की जणू साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आणि त्यांनी पकडलेला माणूस सपशेल निरपराध होता.

मी चहाचं निमित्त करून आत गेले. आई मागून आलीच. मी कुजबुजले, "आई, स्वयंपाक्यालाच खुनी करून टाकू का? माझंच राज्य आहे, कुणाला कळणार? आण्णांचं मन तरी राहील." खरंच, एका वाक्याचं काम होतं. आण्णांना इतक्या वर्षांनी त्यांचा खुनी मिळाला असता, आणि मला ते हवंच होतं.

आई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या राज्यात तरी खरं ठेव, बाय." मग म्हणाली, "आन जबाब घेतल्याबिगर फाशी देऊ नका म्हणावं. सयपाक्याला बी तोंड हाय."

बाहेर येऊन मी तसं सांगितलं. आण्णा कायद्याचे पक्के. "बराबर हाय," म्हणाले, "जबाब घ्यायाच पायजे." आई आपल्या जागेवर बसली. परात मांडीवरून खाली ठेवली आणि पदर सारखा केला.

"राजाची राख सावडायच्या आधी तू चूल पेटवलीस?" कोतवालांनी विचारलं.

"पेटवली."

"कशापायी?"

"पोरं भुकेली व्हती."

"कुणाची पोरं?"

"राजाचीच. धाकटा अंगावर पीत हुता. थोरली चार वर्षांची. सकाळधरनं तिच्या पोटात काय न्हवतं. रडून रडून झोपली, उठली की परत रडाय लागली."

माझ्या राज्यात राजाला मूल नव्हतं. सगळा खून त्याच्यावरच तर उभा होता. आई चुकतेय असं मी म्हणणार होते, आणि तोंड उघडता उघडता मला त्या पावसातली पेज आठवली.

 आण्णा हवालदाराचा आवाज काढून म्हणाले, "मयताच्या घरी कडू घास येतो. सोयरे भाकरी-पिठलं आणत्यात. चूल पेटवायची गरजच काय?"

"आला न्हाई."

"कुणी आणायचा व्हता?"

"मान राजाच्या बहिणीच्या घरचा. त्यांच्या आधी दुसरं कोण ताट आणनार? गावाला वाटलं, सोयऱ्यांचं आलं आसंल. दिवं लागंपतूर वाट बघितली. मग पेटवली."

आण्णा माझ्याकडे वळले. "राजाच्या मेव्हण्याला हजर करा."

मी मेव्हणा झाले. खुनी असलो तरी मी एका किल्ल्याचा मालक होतो, तोऱ्यात बोलायला हवं होतं. कोतवालांनी विचारलं, "राजाच्या घरी घास धाडलावता का?" मी छाती काढून म्हटलं, "म्हणजे काय! भाकऱ्या पोचल्यात घरी, काळजी नको."

आण्णांचा चेहरा एकदम उतरला. मी काय बोलून गेले ते मला कळलं नाही. कंपाउंडरकाकांना तर कशाचाच पत्ता नव्हता. ते उत्साहाने म्हणाले, "दोघांतला एक खोटं बोलतोय. टाका कवड्या!"

"हे कवड्यांवर ठरत न्हाई," आण्णा म्हणाले. ते आईकडे बघत होते. आई खाली बघत नव्हती. तीही त्यांच्याकडेच बघत होती. "त्याच दिशी का न्हाई सांगितलंस," आण्णांनी हळू विचारलं, "की घास आला न्हाई म्हणून?"

"काय सांगायचं? राजाच्या बहिणीचं म्हायेर तुटलं असतं."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. काका कवड्या हातात घेऊन तसेच बसले होते. आण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "सयपाक्याला सोडा. त्याचा काय बी गुन्हा न्हाई." मग माझ्याकडे वळून, "मेव्हणा खोटं बोलतुया. ज्याला राजा मरायलाच हवा व्हता, त्याला घास धाडायचं सुचंल कसं? खुनी त्यो हाय."

"बरोबर," मी म्हटलं.

काकांनी टाळ्या वाजवल्या. उठून हवालदारांचा हात हातात घेऊन हलवला. निळी मुळी, फिरता किल्ला, टोपली, काही म्हणता काही न बघता त्यांनी खुनी पकडला होता, आणि तोही मला स्वप्नातसुद्धा न सुचलेल्या वाटेने. माझी ती टोपली अजून त्या मुदपाकखान्याच्या कोपऱ्यात पडली असेल. पण आण्णा ना हसले, ना मिशीवर हात फिरवला. काका घरी गेल्यावरही ते तसेच बसून होते.

"दाजींनी मला नदीवर सांगितलं," ते शेवटी आईला म्हणाले. दाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आबांना त्यांच्या गावी नेऊन अग्नी दिला होता, आणि पावसाने आण्णा त्या दिवशी तिकडेच अडकले होते. "भाकऱ्या पोचल्यात घरी, काळजी नको, असं म्हनलं मला. शब्दान् शब्द ह्योच."

"ते खोटं न्हाई बोललं," आई म्हणाली. "त्यांनी धाडल्या व्हत्या. वढ्याला पाणी आलं, गडी माघारी फिरला. वन्संना मागनं कळलं. त्या माझ्याकडं येऊन लई रडल्या. म्हनल्या, भावाला कळलं तर माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. म्या शब्द दिला."

आत्या आदल्या वर्षी वारली होती. दाजी तर त्याच्याही आधी. कुणीच काही वाईट केलं नव्हतं. एक ओढा भरला होता, एवढंच. आणि त्या ओढ्यापायी माझी आई इतकी वर्षं दर तिथीला कळशी उचलून बाहेर जात होती. मला आईचा इतका अभिमान वाटला आणि आण्णांचा इतका राग आला, की दोन्ही एकदम मावेनात. मी उगाचच शेंगांची परात उचलून आत नेली.

आत उभी होते तरी ऐकू येत होतं. आण्णा म्हणाले, "म्या पाव्हण्यांच्या म्होरं बोललो हुतो तुला. चार मानसांत."

"बोलला हुता," आई म्हणाली. एवढंच. तिने ते नाकारलं नाही, आणि वर काही जोडलंही नाही. मी बाहेर आले तेव्हा आण्णा खाली जमिनीवर, आईशेजारी भिंतीला टेकून बसले होते. खुर्ची सोडून असे बसलेले मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

पुढे मी त्यांच्यासाठी आणखी बरेच खून केले. प्रधान मारला, सेनापती मारला, फिरत्या किल्ल्यावरची एक चेटकीण मारली. आण्णांनी काही खुनी पकडले, काही सुटले. सुटलेल्यांबद्दल ते आठवडाभर माझ्यावर गुरगुरत. आई प्रत्येक खेळात स्वयंपाकीच राहिली. राज्य कुठलंही असो, कोतवाल आल्या आल्या आधी मुदपाकखान्यात जाऊन स्वयंपाक्याचा जबाब घ्यायचे. काका म्हणायचे, ही काही तपासाची पद्धत नव्हे.

पण मला आठवते ती त्या खेळानंतरची सोमवार सकाळ. मी वेल्ह्याला निघाले होते, पिशवी खांद्याला लावून ओट्यावर चपला घालत होते. आण्णा खुर्चीत. शेजारच्या ओट्यावरून कंपाउंडरकाकांनी रोजच्यासारखा आवाज दिला, फक्त आज कोंबडीचं नाव नव्हतं. "काय हवालदार, शेवटी एक खून उलगडलात की! आम्हाला पण सांगा, कसा काय उलगडलात?"

आत आई कपबशा मांडत होती, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता मिशीवर ताव देतील आणि कडू घासाची गोष्ट रंगवून सांगतील.

"साक्षीदार घरातच हुता," आण्णा म्हणाले. "म्याच कधी इचारलं न्हाई."

काकांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. आण्णा उठले, आत गेले, आणि चहाचा एक कप घेऊन बाहेर आले. तो त्यांनी काकांना दिला नाही, स्वतःही घेतला नाही. दारात आई हात पुसत उभी होती, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी तू घे."